रुग्णालयासाठी घेतलेली आपत्कालीन बटणे आणि सुरक्षारक्षक सेवा : नाशिकमधील दहा महिन्यांचा अनुभव

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही आमच्या २२ खाटांच्या रुग्णालयासाठी नाशिकमधीलच एका सुरक्षा संस्थेकडून एक एकत्रित सेवा घेतली. तीत सहा बिनतारी आपत्कालीन बटणे, त्यांना जोडलेला भोंगा, काउंटर व कॅज्युअल्टीसमोर (तातडीच्या रुग्णांच्या विभागासमोर) आवाज टिपणारे तीन कॅमेरे, दोन पाळ्यांत एकेक सुरक्षारक्षक आणि सर्व कर्मचाऱ्यांसाठी दीड दिवसाचे प्रशिक्षण असे पाच भाग होते. बसवणीसाठी आम्ही ८६,००० रुपये मोजले आणि रक्षकांसह महिन्याचा खर्च ४१,००० रुपये येतो. लहान रुग्णालयाला हा खर्च जड आहे. तो करावा की नाही, केल्यास कोणत्या भागावर करावा, असा प्रश्न इंदिरानगर, सिडको, पंचवटी भागांतील अनेक डॉक्टर मला विचारतात, म्हणून दहा महिन्यांत जे पाहिले ते सविस्तर लिहीत आहे.

ही सेवा घेण्याची वेळ का आली, ते आधी सांगायला हवे, कारण पुढचे माझे मत त्या एका रात्रीवरून बनलेले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये रात्री साडेअकराच्या सुमारास सिन्नरकडून एक ५४ वर्षांचे गृहस्थ छातीत कळ येत असल्याने खासगी गाडीतून आले. ईसीजीमध्ये मोठा झटका दिसत होता आणि पुढचे औषध भरेपर्यंत त्यांचे हृदय थांबले. रात्रपाळीचा आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) आणि दोन सिस्टर यांनी पाऊण तास छाती दाबून, शॉक देऊन प्रयत्न केले. त्या पाऊण तासात पडद्याबाहेर उभ्या असलेल्या सहा जणांचे तीस जण झाले आणि त्यांना आतून एकच वाक्य ऐकू आले, तेही दोनदा : "बाहेर थांबा." मी घरून पोहोचले तेव्हा पडदा नुकताच बाजूला झाला होता. घामाने भिजलेला तो २६ वर्षांचा मुलगा, आमचा आरएमओ, "सॉरी" एवढेच म्हणाला आणि कोणीतरी शेजारचा सलाइनचा स्टँड उचलला. त्याच्या डाव्या हाताची दोन्ही हाडे मोडली. काउंटरची काच फुटली आणि ६५,००० रुपयांचा मॉनिटर जमिनीवर आपटला गेला. आयसीयूतील चार रुग्ण त्या वेळी जागे होते व त्यांतील एका आजींनी पुढचे दोन दिवस कोणालाही हात लावू दिला नाही.

आठवड्याने त्या मुलाचे वडील पेठ तालुक्यातून त्याला न्यायला आले. त्यांनी तक्रार केली नाही, आवाजही चढवला नाही. "मॅडम, पोरगं शिकलं तेवढं बास. आता गावाकडंच दवाखाना टाकील तो," एवढे बोलून त्यांनी मुलाची पिशवी उचलली. नातेवाईकांच्या दुःखाबद्दल मला आजही राग नाही, पण त्या पिशवीचे दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता सेवेकडे वळते. बटणांचा भाग मी आधी घेते, कारण जाहिरातीत त्यालाच सर्वाधिक जागा होती. बटण दाबल्यापासून रक्षकाच्या आणि माझ्या फोनवर इशारा पोहोचायला चार ते सहा सेकंद लागतात. आम्ही हे घड्याळ लावून अनेकदा तपासले आहे आणि या बाबतीत संस्थेचा दावा खरा आहे. मात्र तीन त्रुटी वापरातूनच कळल्या. एक्स-रे खोलीच्या भिंतींत शिसे असल्याने तेथून इशारा बाहेरच पडत नव्हता व ते बटण शेवटी बाहेरच्या चौकटीवर लावावे लागले. कॅज्युअल्टीतील बटणाचा सेल कोणतीही सूचना न देता संपला आणि ते आमच्या लक्षात तीन आठवड्यांनी आले. तेव्हापासून इन्चार्ज सिस्टर दर सोमवारी सकाळी सहाही बटणे दाबून पाहतात आणि वहीत सही करतात. तिसरी त्रुटी अधिक गंभीर होती. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज गेली तेव्हा इशारा पकडणारी मुख्य पेटी इन्व्हर्टरला जोडलेलीच नसल्याचे उघड झाले आणि चाळीस मिनिटे सर्व बटणे निरुपयोगी होती. संस्थेने तीन दिवसांत दुरुस्ती करून दिली व त्याचे पैसे घेतले नाहीत, हे नोंदवायला हवे. तरीही रुग्णालयाला विकायच्या वस्तूत ही चूक मुळात राहायलाच नको होती. विकत घेणाऱ्याने बसवणीच्या दिवशी मुख्य स्विच स्वतः बंद करून बटण दाबून पाहावे.

भोंगा आम्ही दुसऱ्याच महिन्यात काढून टाकला. संस्थेचे म्हणणे असे होते की मोठा आवाज झाला की माणूस दचकून मागे हटतो. आमच्याकडे उलटे घडले. फेब्रुवारीत बिलावरून काउंटरवर आवाज चढले असताना नवीन मुलीने घाबरून बटण दाबले, भोंगा वाजला आणि रस्त्यावरचे, शेजारच्या चहाच्या टपरीवरचे लोक काय झाले ते पाहायला आत शिरले. जे भांडण दोघांचे होते, त्याला चाळीस प्रेक्षक मिळाले. आयसीयूतील रुग्णांवर त्या आवाजाचा जो परिणाम होतो, तो वेगळाच. भोंग्याऐवजी आता मार्गिकेच्या टोकाला एक लाल दिवा लागतो व फोन थरथरतात. हा बदल संस्थेने सुचवला नव्हता, परंतु आम्ही मागताच करून दिला. ज्यांना ही सेवा घ्यायची असेल त्यांनी पहिल्या दिवसापासून मूक इशाराच मागावा.

कॅमेऱ्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चित्र स्वच्छ आहे आणि आवाज कळण्याइतका येतो. तपासणीच्या जागेत कॅमेरा नको, हा आमचा आग्रह संस्थेने मान्य केला आणि "येथे आवाजासह चित्रण होते" असा मराठी फलक लावला. नोंद महिनाभर राहते.

रक्षकांच्या बाबतीत पहिला महिना वाईट गेला. संस्थेने काळ्या टी-शर्टमधले, व्यायामशाळेत कमावलेल्या शरीराचे दोन तरुण पाठवले, ज्यांना सर्व जण बाउन्सरच म्हणत. त्यांना माणूस अडवता येत असे, परंतु थांबवता येत नसे. दारात छातीवर हात ठेवून "पास दाखवा" म्हणणारा माणूस पाहिल्यावर आईला स्ट्रेचरवर घेऊन आलेल्या मुलाच्या मनात काय येईल, हे समजायला प्रशिक्षण लागत नाही. आम्ही लेखी तक्रार केली. त्यानंतर आलेल्या दोघांपैकी रात्रीचे रक्षक ५० वर्षांचे आहेत व त्यांनी सातपूरच्या एका कारखान्याच्या फाटकावर वीस वर्षे काढली आहेत. ते उठून उभे राहतात, गाडीतून रुग्ण उतरवायला हात लावतात, केस पेपर कोठे काढायचा ते सांगतात आणि मग पासचे बोलतात. त्यांच्या पाळीत एका रुग्णामागे दोनच नातेवाईक हा नियम वादाशिवाय पाळला जातो, तो याच क्रमामुळे, असे माझे निरीक्षण आहे.

दोन नातेवाईकांचा हा नियम आणि सशस्त्र रक्षक यांची मागणी आपल्याकडे २०१७ पासून जोर धरू लागली. १२ मार्च २०१७ रोजी धुळ्याच्या रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जमावाने मारले, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचल्यावर शासनाने सरकारी रुग्णालयांसाठी राज्य सुरक्षा महामंडळाचे ११०० रक्षक देण्याचे मान्य केले. आपले धुळे येथून फार दूर नाही आणि त्या वेळी आम्ही सर्वांनी मनातल्या मनात आपापल्या कॅज्युअल्टीचे दार आठवले होते. नंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये तर पंचवटीतच एका डॉक्टरांवर त्यांच्या रुग्णालयात कोयत्याने वार झाले. त्यामागे उपचारांबाबतची तक्रार नव्हती, परंतु रुग्णालयात कोणीही, काहीही घेऊन, कोणत्याही खोलीपर्यंत पोहोचू शकतो, ही गोष्ट त्या दिवशी नाशिकच्या प्रत्येक डॉक्टरला टोचली. अशा ठरवून केलेल्या हल्ल्याला वरील रक्षक किंवा बटण पुरे पडेल, असे मी कोणाला सांगणार नाही.

एक उणीव अजून तशीच आहे. आमच्याकडे येणाऱ्या नातेवाईकांत निम्म्या स्त्रिया असतात, रात्रीच्या सिस्टर सर्व स्त्रिया आहेत, आणि संस्थेकडे रात्रपाळीसाठी एकही महिला रक्षक नाही. दहा महिने मागणी करूनही ती मिळालेली नाही.

या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग प्रशिक्षणाचा निघाला, आणि करार करताना आम्ही तोच वगळून पैसे वाचवण्याच्या बेतात होतो. एक निवृत्त पोलीस अधिकारी आणि मोठ्या रुग्णालयात वीस वर्षे मेट्रन, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुख, राहिलेल्या एक बाई, असे दोघे प्रशिक्षक होते. पहिला अर्धा दिवस त्यांनी केवळ रुग्णालय फिरून पाहिले. माझ्या खोलीत माझी खुर्ची भिंतीकडे आणि दार रुग्णाच्या पाठीमागे होते, म्हणजे समोरचा माणूस उठला की मी कोंडली गेले. टेबल फिरवून दार माझ्या बाजूला आणायला दहा मिनिटे लागली. बारा वर्षे मी त्या खोलीत बसते आहे आणि हे मला सुचले नव्हते. काउंटरवरचा पितळी पेपरवेट, बाकाशेजारचे सुटे सलाइन स्टँड, दारामागची लोखंडी पट्टी या वस्तू त्यांनी एकेक करून उचलल्या आणि टेबलावर मांडल्या. ज्या स्टँडने आमच्या मुलाचा हात मोडला, तसे चार स्टँड अजूनही बाहेर उभे होते. आता ते वापर नसताना कुलपाच्या खोलीत जातात.

दुसरा दिवस मेट्रनबाईंचा होता आणि तो पूर्णपणे बोलण्यावर होता. "पेशंट सिरियस आहे" हे वाक्य त्यांनी आमच्याकडून फळ्यावर लिहून घेतले आणि यातून नातेवाईकाला काय कळते, असे विचारले. काहीच कळत नाही, हे आम्हाला मान्य करावे लागले. त्याऐवजी काय झाले आहे, आत्ता काय करत आहोत, पुढच्या अर्ध्या तासात काय होऊ शकते आणि मी पुन्हा किती वाजता येऊन सांगेन, या चार गोष्टी साध्या मराठीत, बसून, कुटुंबातील ठरलेल्या दोघांना सांगायच्या, असा त्यांचा पाठ होता. छाती दाबण्याचे काम सुरू असतानाही एक माणूस केवळ या कामासाठी बाहेर असलाच पाहिजे, मग तो फार्मासिस्ट का असेना, यावर त्या ठाम होत्या. मृत्यूची बातमी देताना "आम्ही प्रयत्न केले", "ते राहिले नाहीत" अशी आडवळणे न घेता रुग्णाचे नाव घेऊन "त्यांचे निधन झाले आहे" असे म्हणायचे आणि मग गप्प बसायचे. ते गप्प बसणे त्यांनी आमच्याकडून पंधरा-पंधरा वेळा करून घेतले. आमच्या मावशी त्यात सर्वांत चांगल्या निघाल्या.

कायद्याचा तास मात्र सुधारायला हवा. प्रशिक्षकांनी महाराष्ट्राच्या २०१० च्या वैद्यकीय सेवा व्यक्ती व संस्थांवरील हिंसाचार प्रतिबंध कायद्याची माहिती नीट दिली : हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि मोडलेल्या वैद्यकीय उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई मागता येते. ही माहिती आम्हाला नोव्हेंबरमध्ये हवी होती, कारण त्या रात्री ठाण्यात आमची तक्रार प्रथम अदखलपात्र म्हणून लिहून घेतली गेली आणि योग्य कलम लागायला दोन दिवस व एका वकिलाची मदत लागली. संस्थेने दिलेला मराठीतील तक्रारीचा नमुना, ज्यात कायद्याचे पूर्ण नाव, जखमेची नोंद, उपकरणाची पावती आणि साक्षीदार यांच्या जागा आखलेल्या आहेत, तो एकटाच मला त्या तासाच्या किमतीचा वाटला. परंतु पुढच्या चित्रफितींत सात वर्षांची कैद आणि पाच लाखांचा दंड असे मोठ्या अक्षरांत दाखवले गेले. ती तरतूद साथरोग कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीतील असून ती गंभीर दुखापतीसाठी व साथीच्या काळापुरती आहे. तसेच कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील ९ ऑगस्ट २०२४ च्या, महिला डॉक्टरवरील बलात्कार व हत्येच्या घटनेनंतर निघालेले, हल्ला झाल्यास सहा तासांच्या आत रुग्णालयानेच गुन्हा नोंदवावा असे सांगणारे पत्रक केंद्र सरकारच्या रुग्णालयांना उद्देशून होते. ते आम्हाला बंधनकारक असल्यासारखे सांगण्यात आले. सहा तासांची शिस्त उत्तमच आहे आणि आम्ही ती स्वतःहून स्वीकारली आहे, पण कर्मचाऱ्यांना कायदा सांगताना चूक होता कामा नये. ठाण्यातील अधिकाऱ्यासमोर चुकीचे कलम उच्चारणारी सिस्टर पुढच्या वेळी बोलतच नाही.

२०१० च्या कायद्याचा मोठा लाल फलकही सेवेत मिळतो आणि तो दर्शनी भागात, दाराच्या समोर लावण्याचा संस्थेचा आग्रह होता. आम्ही तो काउंटरच्या बाजूला, रुग्णहक्कांच्या सनदेखाली लावला. त्या सनदेत बिल थकले म्हणून मृतदेह अडवता येत नाही, असेही लिहिलेले आहे. दोन्ही गोष्टी एकाच भिंतीवर असाव्यात, असे मला मनापासून वाटते. बिलाच्या बाबतीत आम्हीही सुधारलो आहोत : आयसीयूत रोज संध्याकाळी सहा वाजता त्या दिवसापर्यंतचा आकडा कागदावर लिहून नातेवाईकाला दिला जातो आणि आमच्याकडचे काउंटरवरचे वाद त्यानंतर बरेच उतरले.

ही सर्व व्यवस्था एकत्र काम करताना मी एकदाच पूर्णपणे पाहिली. जुलैमध्ये पहाटे तीनच्या सुमारास, बारा दिवस आयसीयूत असलेले ७१ वर्षांचे एक आजोबा गेले. त्यांची प्रकृती खालावत असल्याचे रोज सांगितले जात होते, पण ते ऐकणारी त्यांची सून होती. मुलगा पुण्याहून त्याच रात्री निघाला होता आणि तो पोहोचला तेव्हा सर्व संपले होते. त्याने आयसीयूच्या दाराला लाथ मारली, दुसरी मारली आणि आमच्या नवीन आरएमओने, जी सव्वीस वर्षांची मुलगी आहे, खिशातले बटण दाबले. दिवा लागला. रक्षकमामा आले आणि त्या दोघांच्या मध्ये न जाता मुलाच्या शेजारी, त्याच्याच दिशेला तोंड करून उभे राहिले. "साहेब, लांबून आलात. आत चला, आधी वडिलांना बघा," असे ते म्हणाले. संवादासाठी ठेवलेल्या छोट्या खोलीऐवजी त्यांनी त्याला थेट वडिलांजवळ नेले, जे आमच्या नियमात बसत नव्हते, आणि तेच बरोबर होते. मी पोहोचेपर्यंत तो खुर्चीवर बसलेला होता व आरएमओ समोर स्टुलावर बसून त्याला बारा दिवसांचा क्रम सांगत होती. त्याने एकच प्रश्न विचारला, वडील शेवटी काही बोलले का. ती म्हणाली, "संध्याकाळी दोनदा विचारलं त्यांनी, तुम्ही निघालात का म्हणून." सकाळी जाताना त्याने दाराच्या तुटलेल्या कडीचे पैसे विचारले. आम्ही घेतले नाहीत.

पैशांच्या हिशेबाने बोलायचे तर माझे मत असे. पंधरा-वीस खाटांच्या रुग्णालयाने सर्वप्रथम प्रशिक्षण घ्यावे, ते दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावे, कारण आरएमओ आणि सिस्टर बदलत राहतात आणि आमच्याकडे जानेवारीत शिकलेल्या सोळा जणांपैकी आज नऊच उरले आहेत. संस्था पुन्हा घेण्याचे ११,००० रुपये मागते व ते रास्त आहेत. त्यानंतर रात्रीचा एक रक्षक, वय आणि स्वभाव पाहून, स्वतः मुलाखत घेऊन ठेवावा. त्याच्या संस्थेकडे २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखालील परवाना आहे का, ते पाहावे. बटणे तिसऱ्या क्रमांकावर येतात. दिवसाचा रक्षक आम्ही करार वाढवताना कमी करणार आहोत. विक्रीनंतरची सेवा समाधानकारक आहे, फोन रात्रीही उचलला जातो, परंतु लेखी उत्तर यायला आठवडा लागतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनने ३,८८५ डॉक्टरांची पाहणी केली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश डॉक्टरांना रात्रपाळीत असुरक्षित वाटत असल्याचे आणि ४५ टक्के जणांना रात्रपाळीत विश्रांतीसाठी ड्यूटी रूमच नसल्याचे दिसले. आमच्याकडे ड्यूटी रूम आहे, म्हणून मी तो आकडा वाचून पुढे गेले होते. गेल्या महिन्यात त्याच आरएमओने विचारले, "मॅडम, सगळीकडे बटण आहे, मग जिथं आम्ही झोपतो तिथं का नाही?" सहा बटणांच्या जागा ठरवताना संस्थेच्या आराखड्यात ती खोली नव्हती आणि आमच्याही मनात आली नव्हती. शिवाय त्या दाराला आतून कडी होती, पण ती ढकलली की निसटत असे. सातव्या बटणाचे २,४०० रुपये पडले. मंगळवारी ते पलंगाच्या उशाशी बसवले, नवीन कडी लावली आणि सोमवारच्या तपासणीच्या वहीत सातवा रकाना आखला.